पहिल्या खर्ड्यानंतर काय करायचं? स्वतःचं लेखन तपासण्याचा आणि सुधारण्याचा क्रम

कथा लिहून होते. दुसऱ्या दिवशी आपण फाइल उघडतो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. एक विशेषण खटकतं, ते बदलतो. पुढच्या परिच्छेदात एक वेलांटी चुकलेली दिसते, ती सुधारतो. चौथ्या पानापर्यंत डोळे थकतात, उरलेलं उद्यावर जातं. उद्या पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. महिन्याभरात पहिलं पान वीस वेळा वाचून होतं आणि शेवटचं जेमतेम दोनदा. सुरुवात गुळगुळीत, शेवट कच्चा, आणि लिहिणाऱ्याच्या मनात ठाम मत: मला लिहायला आवडतं, पण तपासायचा कंटाळा येतो.

हा कंटाळा बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे येतो. एकाच वाचनात कथानक, संवाद, वाक्यं आणि ऱ्हस्व-दीर्घ असं सगळं पाहायला गेलं की काहीच धड दिसत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे आधी वाक्यं घासून चकचकीत केली, की तो प्रसंगच कथेला नको आहे हे कळूनही तो काढायला हात धजत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: मोठ्याकडून लहानाकडे जा, आणि एका फेरीत एकच प्रश्न विचारा. असं केलं की प्रत्येक फेरीत काहीतरी सुधारलेलं डोळ्यांना दिसतं, आणि या कामाची गोडी तिथूनच लागते.

उदाहरणं कथेची घेतली आहेत. ललित लेख, कादंबरीचं प्रकरण, एकांकिका यांनाही हाच क्रम चालतो. कवितेसाठी थोडा फरक आहे, तो त्या त्या जागी सांगितला आहे.

तयारी: खर्ड्याला हात लावण्यापूर्वी

*लेखन बाजूला ठेवा.* कथा असेल तर निदान १०-१५ दिवस, कादंबरी असेल तर महिना-दीड महिना. हा काही नियम नाही, माझा अंदाज आहे. खरी खूण वेगळी: मधलंच एखादं पान उघडा आणि एक ओळ वाचा. पुढची ओळ तोंडपाठ आठवली तर लेखन अजून ताजं आहे, परत ठेवून द्या. ताजं असताना डोळे कागदावरचं वाचत नाहीत, मनातलं वाचतात. राहून गेलेला शब्दसुद्धा तेव्हा दिसत नाही.

*मूळ खर्डा जपून ठेवा.* फाइलची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि बदल प्रतीतच करा. सोबत ‘कात्रणं’ नावाची आणखी एक फाइल उघडा. कापलेलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक परिच्छेद तिच्यात जाऊन पडेल. मी गेली कित्येक वर्षं ही फाइल वापरते आहे. तिच्यातून परत घेतलेल्या ओळी बोटांवर मोजता येतील, पण ‘हवं तर परत घेता येईल’ एवढ्या खात्रीवर मी पानंच्या पानं कापू शकले.

*लेखनाचं रूप बदला.* मोकळ्या ओळी आणि रुंद समास ठेवून प्रिंट काढा. ते शक्य नसेल तर निदान फॉन्ट बदला, अक्षर मोठं करा, ओळीची लांबी कमी करा. ओळी दुसऱ्या जागी तुटल्या की सवयीने पुढे सरकणारी नजर थबकते.

*एक चिठ्ठी लिहा.* वाचायला बसण्याआधी एका वाक्यात लिहा: मला हे लेखन कशाबद्दल करायचं होतं? चिठ्ठी घडी घालून ठेवा. पहिल्या टप्प्याच्या शेवटी ती लागणार आहे.

> सावधान: पहिला खर्डा संपल्याच्या आनंदात लगेच कुणाला वाचायला देऊ नका. कौतुक झालं तर मोठे बदल करायची इच्छा मरते, टीका झाली तर लेखनच नकोसं होतं. वाचकाची पाळी येणार आहे, पण जरा पुढे.

टप्पा १: एका बैठकीत, काहीही न सुधारता वाचा

पहिलं वाचन पूर्ण आणि सलग हवं. हातात पेन्सिल ठेवा, पण तिने फक्त तीन खुणा करायच्या. जिथे वाचताना रमलात तिथे समासात उभी रेघ. जिथे लक्ष उडालं तिथे नागमोडी रेघ. जिथे काही कळलं नाही किंवा खोटं वाटलं तिथे प्रश्नचिन्ह. बस. शब्द बदलायचा नाही, वेलांटीही नाही.

हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण आहे. चुकीचा शब्द दिसला की हात शिवशिवतो. पण एक शब्द सुधारायला थांबलात की तुम्ही वाचक राहत नाही, आणि कथा कुठे रेंगाळते हे फक्त वाचकालाच कळतं.

उभ्या रेघा टाळू नका. तपासणं म्हणजे चुका शोधणं अशी समजूत असल्यामुळे बरेच जण जमलेल्या जागांकडे पाहतच नाहीत. खरं तर पुढच्या सगळ्या कामाचं माप तिथेच मिळतं. बाकीचं लेखन त्या जागांच्या उंचीवर आणायचं आहे.

वाचून झाल्यावर दुसरी चिठ्ठी लिहा: हे लेखन प्रत्यक्षात कशाबद्दल झालं आहे? मग पहिली चिठ्ठी उघडा. दोन्ही जुळल्या तर उत्तम. माझ्या बाबतीत क्वचितच जुळतात. घराच्या वाटणीवरून भांडणाऱ्या भावंडांची एक कथा मी ‘लोभाबद्दल’ म्हणून लिहायला घेतली होती. वाचताना दिसलं की सगळ्या उभ्या रेघा धाकट्या बहिणीच्या प्रसंगांवर आहेत. घर विकलं की भावांनी भेटायचं कारणच उरणार नाही, ही तिची भीती तिथे होती. अशा वेळी निवड करावी लागते, आणि मी जवळपास नेहमी दुसऱ्या चिठ्ठीच्या बाजूने जाते. ठरवलेला विषय डोक्यात होता, हा कागदावर उतरला आहे.

> तपासा: निवडलेलं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवलं का? पुढे ‘हे ठेवू की काढू’ असा प्रश्न पडेल तेव्हा त्याच्याकडेच पाहायचं आहे.

टप्पा २: उलटा आराखडा काढा

लिहिण्याआधी आराखडा करतात तो वेगळा. हा लिहून झाल्यावर करायचा. कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहा. तिच्यात तीनच गोष्टी: प्रसंगात कोण आहे, त्याला काय हवं आहे, आणि प्रसंग संपताना काय बदललं. ३,००० शब्दांच्या कथेत असे साधारण पाच ते आठ प्रसंग निघतात, म्हणजे सगळी कथा एका पानावर येते.

आता तिसऱ्या रकान्याकडे पाहा. ‘काय बदललं’ यापुढे काही लिहिता आलं नाही, तर तो प्रसंग एक तर काढायचा किंवा दुसऱ्या प्रसंगात मिसळायचा. दोन प्रसंगांपुढे एकच उत्तर आलं, तर त्यातला एक पुरे. या जागा बहुधा नागमोडी रेघांच्याच असतात. कंटाळा का आला होता त्याचं कारण आता कागदावर मिळतं.

*सुरुवात झाकून पाहा.* पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. मग दुसराही झाका. पहिल्या खर्ड्याचे पहिले एक-दोन परिच्छेद अनेकदा लिहिणाऱ्याने हात मोकळा करण्यासाठी लिहिलेले असतात: आभाळ, पाऊस, खिडकी, नायकाचं वय, त्याचं घराणं. भावंडांच्या त्या कथेत मी आधी पानभर घराचं वर्णन केलं होतं. कथा खरी सुरू होत होती ती ‘किल्ली कुलपात गेली, पण फिरेना’ या ओळीपाशी. वरचं पान कात्रणांत गेलं. त्यातलं जे आवश्यक होतं, म्हणजे घर बंद होतं आणि बरीच वर्षं बंद होतं, ते न फिरणाऱ्या किल्लीनेच सांगितलं.

*शेवटही झाका.* शेवटच्या परिच्छेदात कथेचा अर्थ समजावून सांगितला असेल, तर कथा त्याच्या आधीच संपलेली असते. ‘त्या दिवशी तिला कळलं की…’ असं वाक्य शेवटी दिसलं, तर ते काढून एकदा वाचून पाहाच. कवितेत ही परीक्षा आणखी कठोरपणे घ्या. पहिली आणि शेवटची ओळ काढून पाहा, मग शीर्षक काढून पाहा. शीर्षक, पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातली एकच ठेवा.

*नोंदींचा तक्ता करा.* प्रत्येक पात्राचं वय, नातं, सवयी, प्रसंगाचा वार आणि वेळ, उजेड, कुणाच्या हातात काय आहे. कंटाळवाणं वाटेल, पण अर्ध्या तासात होतं. चहाचा कप हातात असलेलं पात्र दोन्ही हातांनी पेटी उचलतं, तिसऱ्या पानावर थोरली असलेली बहीण नवव्या पानावर धाकटी होते, या चुका फक्त तक्त्यातच सापडतात.

*निवेदक कुठे उभा आहे?* सगळी कथा एका पात्राच्या नजरेतून चालली असताना मध्येच दुसऱ्याच्या मनातलं वाक्य शिरतं. ‘सुमनने मान वळवली. वामनला तिचं वागणं लागलं.’ कथा सुमनची असेल, तर वामनला लागलं हे तिला दिसलं पाहिजे: तो बोलायचा थांबला, किंवा निघायची घाई करू लागला. निवेदक सर्वज्ञ असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो पहिल्या पानापासून तसा हवा.

> सावधान: या टप्प्यात वाक्यं सुधारायची नाहीत. उद्या निघून जाणाऱ्या परिच्छेदावर आज तास घालवू नका.

टप्पा ३: कमकुवत प्रसंग नव्याने लिहा

आराखड्यावरून दोन-तीन प्रसंग असे निघतात, की ते हवे तर आहेत पण जमलेले नाहीत. इथे बहुतेक जण ठिगळं लावतात: जुन्या परिच्छेदात दोन वाक्यं घालतात, एक काढतात. शिवण दिसत राहते.

त्याऐवजी जुना मजकूर बंद करा, कोरं पान घ्या आणि तोच प्रसंग आठवणीने पुन्हा लिहा. जे आठवतं ते बहुधा कामाचं असतं आणि जे आठवत नाही त्यावाचून सहसा अडत नाही. नंतर दोन्ही रूपं शेजारी ठेवा. जुन्यातली एखादी ओळ खरोखर चांगली असेल तर उचलून आणा. मला या सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत आवडतो, कारण इथे पुन्हा लिहिण्याचा आनंद आहे आणि कोऱ्या कागदाची भीती नाही.

काय विस्ताराने दाखवायचं आणि काय एका वाक्यात उरकायचं, हेही याच वेळी ठरवायचं. एक उदाहरण पाहा.

पहिला खर्डा: ‘रघुनाथला खूप राग आला होता. आपल्याला या घरात कुणीच किंमत देत नाही असं त्याला वाटलं. तो अतिशय दुःखी होऊन आपल्या खोलीत निघून गेला.’

दुसरा खर्डा: ‘रघुनाथने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. “चालू द्या तुमचं,” म्हणाला आणि आतल्या खोलीचं दार अगदी सावकाश लावून घेतलं.’

दुसऱ्यात राग हा शब्दच नाही. पण दार आपटायच्या ऐवजी सावकाश लावणारा माणूस किती दुखावला आहे, हे वाचकाला कळतं. मात्र याचा अतिरेक करू नका. ‘सांगू नका, दाखवा’ हे ऐकून काही जण प्रत्येक भावनेसाठी घाम, थरथर आणि आवंढे पेरत सुटतात. रघुनाथ या कथेत एकदाच येऊन जाणारा शेजारी असेल, तर ‘रघुनाथ चिडला’ एवढं पुरे आहे. समोर चिकटवलेल्या वाक्याशी ज्या प्रसंगाचं नातं आहे, तोच सावकाश दाखवायचा.

टप्पा ४: संवादांची वेगळी फेरी

फक्त संवाद वाचा. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ आणि नावं झाकून टाका. कोण बोलतं आहे हे शब्दांवरून कळतं का? सगळी पात्रं लेखकासारखीच बोलत असतील, तर प्रत्येकासाठी दोन-तीन सवयी ठरवा. एक जण प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो, दुसरी वाक्य अर्धवट सोडते, तिसऱ्याचं प्रत्येक वाक्य ‘तसं नाही’ने सुरू होतं. एवढ्यानेही आवाज वेगळे होतात.

मराठीत आणखी एक गोष्ट काटेकोर पाहावी लागते: कोण कुणाला तू म्हणतं, कुणाला तुम्ही. एका पानावर सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणणारी सून पुढच्या पानावर ‘तू’वर आली, तर वाचक त्यात अर्थ शोधायला लागतो. तो अर्थ तुम्हाला हवा असेल तर तूवरून तुम्हीवर, किंवा उलट, जाणं फार परिणामकारक ठरतं. भांडणात अचानक आलेला ‘तुम्ही’ शिवीपेक्षा जास्त झोंबतो. म्हणूनच तो चुकून येता कामा नये.

माहिती पुरवण्यासाठी लिहिलेला संवाद लगेच ओळखू येतो: ‘तुला माहीतच आहे, आपले वडील दहा वर्षांपूर्वी गेले.’ सख्खा भाऊ बहिणीला असं सांगत नाही. ती माहिती निवेदनात द्या, किंवा तिच्यावरून दोघांना वाद घालू द्या.

आणि ‘म्हणाला’ला घाबरू नका. तो वाचकाला दिसतच नाही. ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘उत्तरला’ मात्र दिसतात.

> तपासा: एखादं पात्र बोलीत बोलत असेल तर त्याचे खास शब्द आणि रूपं एका कागदावर उतरवा, आणि शेवटपर्यंत तीच राहिली आहेत का ते पाहा. ज्या बोलीत तुमचा कान तयार नाही, ती बोलणाऱ्या कुणाकडून हे पान वाचून घ्या.

टप्पा ५: आता वाचक

मोठे बदल झाले, वाक्यं अजून घासलेली नाहीत. वाचक शोधायची हीच योग्य वेळ. दोन किंवा तीन पुरेत. जवळच्या माणसांपेक्षा नियमित वाचणारी माणसं निवडा.

‘कशी वाटली?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’ असं येतं. त्याऐवजी हे विचारा: कुठे थांबावंसं वाटलं? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? शेवटी नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगाल का? एका आठवड्यानंतर काय लक्षात राहिलं? शेवटचा प्रश्न आठवड्याने खरोखर विचारा.

उत्तरं ऐकताना खुलासे करू नका. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडावर आलं, तर तेवढं वहीत लिहा. जे तोंडी सांगावं लागतं आहे ते कथेत उतरलेलं नाही, एवढं त्यावरून कळतं. वाचक उपायही सुचवतील. ते नम्रपणे ऐकावेत, पण उपाय आपलाच शोधावा. दोन वाचक एकाच जागी अडखळले, तर कारणं वेगवेगळी सांगत असले तरी ती जागा नक्की बिघडलेली आहे.

टप्पा ६: वाक्यावर काम

सगळे जण जिथून सुरुवात करतात तिथे आपण आता पोचलो आहोत. मराठी वाक्यांचे काही आजार ठरावीक आहेत. एकेका आजारासाठी एकेक फेरी करा.

*होता-होती-होतं.* मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळातलं निवेदन सहज एका ठेक्यात अडकतं.

‘पाऊस थांबला होता. अंगणात पाणी साचलं होतं. सुमन दारात उभी होती. तिच्या हातात पत्र होतं. ते भिजलं होतं.’

पाच वाक्यं, पाच वेळा तोच शेवट. बदलून:

‘पाऊस थांबला, पण अंगणातलं पाणी ओसरलं नव्हतं. सुमन दारात उभी. हातातलं पत्र भिजून पार लगदा झालेलं.’

‘आला होता’, ‘गेला होता’ ही रूपं मागच्या काळात शिरताना उंबरठ्यावर एकदा लागतात. ‘दोन वर्षांपूर्वी तो या घरी आला होता. तेव्हा दारातच थांबला. आत यायला तयार होईना.’ पहिल्या वाक्याने काळ सांगितला, पुढे साधा भूतकाळ चालतो. आणि आपल्याकडे एका शब्दात काम करणारी किती सुंदर रूपं आहेत! ‘बोलायला तयार नव्हता’ऐवजी ‘बोलेना’, ‘काय करावं ते सुचत नव्हतं’ऐवजी ‘सुचेना’, ‘रोज गच्चीत जात असायची’ऐवजी ‘रोज गच्चीत जाई’. सगळीकडे नाही, पण ठेका मोडायला ती वापरा.

*‘च्या’ची साखळी.* ‘शेजारच्या घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर’ अशी रांग लागली की वाचक काचेपर्यंत पोचतच नाही. दोन वाक्यं करा किंवा दोन तपशील सोडून द्या. ‘शेजाऱ्यांच्या मागच्या खिडकीवर’ एवढंच हवं असतं.

*तो कोण?* ‘त्याने त्याला त्याचं पत्र दिलं.’ लिहिणाऱ्याला तिघंही माहीत असतात, वाचकाला नाही. ‘सदाने वामनला आपलं पत्र दिलं’ म्हटलं की पत्र सदाचं हे आपोआप ठरतं. दुसरीकडे, ‘ती उठली. ती दारापाशी गेली. तिने कडी काढली’ यातल्या प्रत्येक सर्वनामाची गरज नाही. कोण ते पहिल्या ‘ती’वरून कळतंच: ‘ती उठली, दारापाशी गेली, कडी काढली.’

*उसनी वाक्यरचना.* ‘त्याच्याद्वारे दार उघडलं गेलं’ म्हणजे ‘त्याने दार उघडलं’. ‘तिच्या चेहऱ्यावर एक हास्य होतं’ म्हणजे ‘ती हसत होती’. ‘एक’ या शब्दाचा वेगळा शोध घ्या. ‘एके दिवशी एक मुलगा एका झाडाखाली एक पुस्तक वाचत होता’ यातले तीन ‘एक’ सहज जातात.

*दुहेरी शब्द.* परत पुन्हा, मनातल्या मनात विचार केला, डोळ्यांनी पाहिलं, होकारार्थी मान डोलावली, जोरात किंचाळली. प्रत्येकातला एक भाग दुसऱ्यात आधीच आहे.

*लाडके शब्द.* हे प्रत्येकाचे वेगळे. माझे ‘जणू’, ‘काहीसं’ आणि ‘अचानक’. शिवाय ‘च’: त्यालाच, तेव्हाच, तिथेच. ‘च’ जोर देण्यासाठी असतो, एका परिच्छेदात पाच आले की जोर कुठेच राहत नाही. फाइलमध्ये शब्द शोधून किती वेळा आला ते मोजा. आकडा पाहिल्यावर कापायला फार समजवावं लागत नाही.

*मोठ्याने वाचा.* फेऱ्या झाल्या की सगळं लेखन आवाज काढून, सावकाश वाचा. जिथे श्वास पुरत नाही, जीभ अडखळते, किंवा तुम्ही नकळत वेगळाच शब्द उच्चारता, तिथे खूण करा. नकळत उच्चारलेला शब्द बहुधा लिहिलेल्यापेक्षा चांगला असतो. कवितेसाठी ही फेरी रोज एकदा, निदान आठवडाभर करावी. ओळ कुठे तोडायची ते कान ठरवतो.

> सावधान: सगळी वाक्यं छोटी करणं म्हणजे सुधारणा नाही. लांब वाक्य श्वासात बसत असेल आणि अर्थ सांडत नसेल तर ते राहू द्या. आणि टप्पा १ मधल्या उभ्या रेघांच्या जागी फार कारागिरी करू नका. तिथलं थोडं ओबडधोबडपण कदाचित त्या जागेचं बळ असेल.

टप्पा ७: शुद्धलेखन आणि मुद्रितशोधन

सर्वांत आधी एक निर्णय: ‘केले, करणे, असे’ की ‘केलं, करणं, असं’? कथेत दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही. निवेदन एका रूपात आणि संवाद दुसऱ्या रूपात ठेवता येतात, पण ते ठरवून हवं. तसंच ‘त्याने’ की ‘त्यानं’.

प्रमाण मराठीच्या लेखनाचे नियम थोडेच आहेत. १९६२ साली १४ नियम मान्य झाले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले, असे एकूण १८. एका बैठकीत वाचून होतात. सर्वांत जास्त चुका होतात त्या जागा या:

शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी, वस्तू. पण समासात पहिलं पद मुळात ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व: कविमन, गुरुकुल, वस्तुस्थिती. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ कायम ऱ्हस्व.

फूल, मूल, गरीब, वकील यांना प्रत्यय लागला की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर ऱ्हस्व होतं: फुलाला, मुलाने, गरिबाचं, वकिलाकडे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: शरीराला, जीवाचा, दूताने.

अनेकवचनी सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यावर, अनुस्वार: मुलांनी, लोकांचा. आदरार्थी एकवचनातही: आजोबांना. टंकताना गळणारं चिन्ह बहुतेक वेळा हेच असतं, आणि ते गळलं की ‘मुलांनी’चं ‘मुलानी’ होतं.

महत्त्व, तत्त्व, उज्ज्वल, पारंपरिक, कवयित्री, आशीर्वाद हे शब्द फाइलमध्ये शोधून एकदा तपासा. दऱ्या आणि दर्या यातला फरकही.

ही फेरी शेवटच्या परिच्छेदापासून उलट करत या. गोष्टीचा ओघ तुटला की अक्षरं दिसतात. अवतरणचिन्हं उघडली तितकी मिटली का, पात्रांची नावं सगळीकडे एकसारखी लिहिली आहेत का, हे शोध घेऊनच पाहा.

> तपासा: ‘सगळीकडे बदला’ ही सोय एका झटक्यात वापरू नका. ‘होता’ बदलायला गेलात तर ‘होताना’ आणि ‘होतात’ हेही बदलतील. एकेक पाहून बदला.

टप्पा ८: थांबायची वेळ

काल काढलेला स्वल्पविराम आज परत घातला, उद्या पुन्हा काढावासा वाटतो आहे, असं झालं की काम संपलेलं आहे. आणखी एक खूण: बदल केल्यावर कथा वेगळी होते आहे, पण बरी होत नाही. तेव्हा फाइलच्या नावात ‘अंतिम’ लिहा आणि जिथे पाठवायची तिथे पाठवा. मनात राहिलेली शंका नव्या कागदावर टिपून ठेवा, ती पुढच्या कथेच्या कामी येईल.

पाठवून झाल्यावर एक तास राखून ठेवा. पहिला खर्डा आणि अंतिम प्रत शेजारी मांडा, कुठलंही एक पान घ्या आणि काय काय बदललं ते पाहा. मग स्वतःच्या सवयींची यादी करा: तीन वाईट, एक चांगली. माझ्या वहीतली सध्याची अशी आहे: सुरुवात एक पान उशिरा होते, रागावलेली सगळी माणसं खिडकीबाहेर पाहतात, ‘जणू’ फार येतो. चांगली: वस्तूंकडून काम करून घेता येतं, उदाहरणार्थ ती किल्ली. पुढचा खर्डा तपासायला बसाल तेव्हा या यादीचा कागद सर्वांत वर ठेवा.